आदेश कागदावर, बंदूक कपाटात

टेक्सासमधल्या एका घराची पोलिसांनी झडती घेतली तेव्हा त्यांना एक पिस्तूल, एक रायफल आणि काडतुसे सापडली. त्याच झडतीत एक कागदही सापडला. तो न्यायालयाचा संरक्षण आदेश होता. या माणसाने आपल्या मुलाच्या आईवर हिंसा केली आहे, पुन्हा करण्याची शक्यता आहे, म्हणून त्याने तिच्याशी संपर्क ठेवू नये, तिला धमकावू नये आणि बंदूक बाळगू नये, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. आदेशही घरात आणि बंदूकही घरात.

या माणसाचे नाव झॅकी रहीमी. डिसेंबर २०१९ मध्ये एका पार्किंगच्या जागेत त्याचे मैत्रिणीशी भांडण झाले. ती निघून जाऊ लागली तेव्हा त्याने तिला ओढत गाडीपर्यंत नेले आणि आत ढकलले. तिचे डोके डॅशबोर्डवर आपटले. कोणीतरी बघते आहे हे लक्षात येताच त्याने बंदूक काढली. ती निसटून पळाली, त्याने गोळी झाडली. नंतर फोन करून धमकी दिली की कोणाला सांगितलेस तर तुलाही गोळी घालीन. ती गप्प बसली नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये तिने न्यायालयाकडून आदेश मिळवला. त्यानंतरच्या वर्षभरात गोळीबाराच्या पाच घटनांमध्ये रहीमीवर संशय आला आणि पोलीस त्याच्या घरी पोहोचले.

अमेरिकेच्या १९९४ च्या केंद्रीय कायद्यानुसार असा आदेश लागू असताना बंदूक बाळगणे हा गुन्हा आहे. रहीमीला शिक्षा झाली. पण २०२३ मध्ये तिथल्या एका अपील न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली आणि कायद्याचे ते कलमच घटनाबाह्य ठरवले. टेक्सास, लुइझियाना आणि मिसिसिपी ही तीन राज्ये या न्यायालयाच्या अखत्यारीत येतात. म्हणजे तिथल्या हजारो बायकांच्या हातातल्या आदेशामागचे केंद्रीय कायद्याचे बळ एका निकालाने गेले. जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला, तोवर सोळा महिने उलटले होते.

अपील न्यायालयाचे कारण आपल्या वाचकांनी नीट समजून घ्यावे असे आहे. २०२२ मध्ये ब्रुएन नावाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एक कसोटी घालून दिली होती. बंदुकीवरचा कोणताही निर्बंध टिकायचा असेल तर तो त्या देशाच्या ऐतिहासिक परंपरेत बसतो हे सरकारने दाखवले पाहिजे. बंदूक बाळगण्याचा हक्क देणारी दुसरी घटनादुरुस्ती १७९१ ची. मग अपील न्यायालयाने त्या काळात शोध घेतला आणि सांगितले की बायकोला मारणाऱ्याची बंदूक काढून घेणारा कायदा तेव्हा कुठे दिसत नाही, म्हणून आजही तो चालणार नाही.

तेव्हा तसा कायदा नव्हता हे खरेच आहे. तो असणार कसा? त्या काळच्या कायद्यात लग्न झालेल्या बाईचे स्वतंत्र अस्तित्वच नव्हते. तिची मिळकत नवऱ्याची, तिचा करार नवऱ्याच्या नावाने, तिला "वळण लावण्याचा" हक्कही नवऱ्याचा. अमेरिकेतल्या बायकांना मतदानाचा हक्क देशभर मिळाला तो १९२० मध्ये. ज्या परंपरेत तिला बोलण्याचीच जागा नव्हती, त्या परंपरेला आज विचारायचे की हिचे रक्षण करू का, आणि परंपरा गप्प आहे म्हणून नकार द्यायचा.

हा युक्तिवाद आपल्याला नवा नाही. १९२७ च्या २५ डिसेंबरला महाडला मनुस्मृती जाळली गेली, ती परंपरा हाच पुरावा मानणाऱ्या विचाराविरुद्ध. हिंदू कोड बिलाला विरोध करणारे संसदेत आणि बाहेर हेच म्हणत होते की आमच्या शास्त्रात बाईला हे हक्क नाहीत. १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला त्यामागे या बिलाची झालेली कोंडी हे मोठे कारण होते. त्यामुळे टेक्सासच्या निकालाकडे दूरची बातमी म्हणून पाहणे मला जमले नाही.

२१ जून २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने ते कलम वैध ठरवले. विरोधातले एकमेव न्यायाधीश क्लॅरेन्स थॉमस होते आणि २०२२ ची ती परंपरेची कसोटी त्यांनीच लिहिली होती. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी कसोटी रद्द केली नाही, पण तिचा अर्थ सैल केला. जुन्या काळातला हुबेहूब तसाच कायदा सापडण्याची गरज नाही, तत्त्व जुळले तरी पुरे, असे त्यांनी म्हटले. एखाद्यापासून दुसऱ्याच्या जिवाला खरा धोका आहे असे न्यायालयाने ठरवले असेल, तर त्याला तात्पुरते निःशस्त्र करता येते.

ते तत्त्व त्यांना जुन्या कायद्यात कुठे सापडले, हा भाग आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात, आणि तिथून अमेरिकेत गेलेल्या कायद्यात, अशी सोय होती की एखादा माणूस दंगा करील, कोणाला इजा करील अशी भीती असेल तर दंडाधिकारी त्याच्याकडून शांतता राखण्याचा जामीन लिहून घेई. गुन्हा घडायच्या आधीच. नवरा-बायकोही एकमेकांविरुद्ध असा जामीन मागू शकत. हीच सोय इंग्रजांनी भारतात आणली आणि आपल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या आठव्या प्रकरणात ती बसली. त्या प्रकरणालाच आपण "चॅप्टर" म्हणतो. वस्तीतल्या कुठल्याही कार्यकर्त्याला विचारा, मोर्चाच्या आदल्या दिवशी नोटीस येते ती याच चॅप्टरची. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते नववे प्रकरण झाले आहे, बाकी गाभा तोच. या धाग्याकडे मी पुन्हा येते.

निकाल चांगला लागला. पण त्याने उत्तर दिले ते "बंदूक काढून घेता येते का" या प्रश्नाचे. "ती घरातून बाहेर कशी जाते" हा प्रश्न तिथेच राहिला.

१९९४ चा केंद्रीय कायदा म्हणतो की बंदूक बाळगू नका. कुठे जमा करायची, किती तासांत, कोणाकडे, आणि ती जमा झाली की नाही हे कोण तपासणार, याबद्दल तो काहीच सांगत नाही. ते राज्यांवर सोडलेले आहे. कॅलिफोर्नियात आदेश हातात पडल्यावर पोलिसाने मागितली तर लगेच, नाहीतर २४ तासांच्या आत बंदूक पोलिसांकडे किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे द्यावी लागते आणि ४८ तासांच्या आत त्याची पावती न्यायालयात दाखल करावी लागते. न्यू जर्सीत घरगुती हिंसेच्या तक्रारीवर गेलेल्या पोलिसाने घरात शस्त्र आहे का हे विचारायचे, आणि दिसले व धोका वाटला तर ताब्यात घ्यायचे, असे कायदाच सांगतो. वॉशिंग्टन राज्यात सिअ‍ॅटल शहराच्या परगण्याने यासाठी स्वतंत्र पथक नेमले आहे. जिथे असे काही नाही तिथे सगळा भार त्या माणसाच्या प्रामाणिकपणावर. जो माणूस बायकोला गोळी घालण्याची धमकी देतो त्याने स्वतःहून बंदूक आणून द्यावी, अशी ती अपेक्षा.

यातला फरक मोजला गेला आहे. २०१७ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या राज्यांचा १९९१ ते २०१५ या काळाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या राज्यांत आदेशाखालच्या माणसाला बंदूक बाळगण्याची बंदी होती आणि शिवाय ती जमा करण्याची सक्ती होती, तिथे जोडीदाराकडून बंदुकीने होणाऱ्या हत्यांचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी दिसले. जिथे नुसती बंदी होती आणि जमा करण्याची सक्ती नव्हती, तिथे ठामपणे सांगता येईल असा फरक आढळला नाही. असे अभ्यास कार्यकारणभाव सिद्ध करत नाहीत, समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाला हे शिकवतात. पण दिशा स्पष्ट आहे. याच्या आधी २००३ मध्ये अकरा शहरांतल्या प्रकरणांवर झालेल्या अभ्यासात दिसले होते की अत्याचारी जोडीदाराच्या हाताशी बंदूक असेल तर बाईचा खून होण्याची शक्यता सुमारे पाच पटीने वाढते.

केंद्रीय कायद्याला आणखी एक भोक आहे. तो लागू होतो ते विरुद्ध पक्षाला नोटीस मिळून, म्हणणे मांडण्याची संधी मिळून झालेल्या आदेशाला. बाई पहिल्या दिवशी धावत जाते आणि तातडीचा एकतर्फी आदेश मिळवते, त्याला नाही. कॅलिफोर्नियासारखी काही राज्ये तातडीच्या आदेशातही बंदूक जमा करायला लावतात, सगळी नाहीत. आणि घर सोडल्यानंतरचे, तक्रार केल्यानंतरचे पहिले काही दिवसच सर्वात धोक्याचे, हे या क्षेत्रात काम करणारी कोणतीही बाई सांगेल. पोलीस आणि सैनिकांना तर या कलमातून सरकारी कामाच्या शस्त्रापुरती सूटच आहे.

आदेश असून अंमल नाही म्हणजे काय होते, याचे सर्वात वाईट उदाहरण कोलोरॅडोतल्या कॅसल रॉक गावचे. जून १९९९ मध्ये एका आईकडे नवऱ्याविरुद्धचा आदेश होता. तो तिच्या तीन मुलींना उचलून घेऊन गेला. ती संध्याकाळपासून रात्रीपर्यंत पोलिसांना फोन करत राहिली, ठाण्यातही गेली. त्याच संध्याकाळी त्याने पिस्तूल विकत घेतले. पहाटे तो पोलीस ठाण्यासमोर गोळीबार करत आला आणि मारला गेला. त्याच्या गाडीत तिन्ही मुलींचे मृतदेह होते. २००५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन अशा बहुमताने निकाल दिला की पोलिसांकडून आदेशाची अंमलबजावणी करून घेण्याचा घटनात्मक हक्क त्या आईला नव्हता. २०११ मध्ये अमेरिका खंडातल्या देशांच्या मानवी हक्क आयोगाने तिच्या बाजूने मत दिले, पण ते मत त्या देशावर बंधनकारक ठरले नाही.

न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया इथे आता आपलीही कुटुंबे आहेत, १४ एप्रिलला एकत्र येणारी. नवऱ्याच्या नोकरीवर अवलंबून असलेल्या व्हिसावर गेलेल्या मुलींना वाटते की आपण नागरिक नाही, न्यायालय आपले ऐकणार नाही. संरक्षण आदेश मागायला नागरिकत्व लागत नाही. कोणाची बहीण-भाची तिकडे असेल तर एवढे तिच्यापर्यंत पोहोचवा, आणि घरात बंदूक असेल तर अर्जात लिही म्हणावे.

आता एका अवघड मुद्द्याकडे. "धोकादायक माणसाकडून शस्त्र काढून घ्या" हे वाक्य ऐकायला सोपे आहे. अमेरिकेत धोकादायक कोण हे बराच काळ गोऱ्यांनी ठरवले. गुलामांना शस्त्रबंदी होती, मूळनिवासींना शस्त्र विकायला बंदी होती. यादवी युद्धानंतर मिसिसिपीसारख्या राज्यांनी केलेल्या "काळ्या कायद्यां"नी मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना परवान्याशिवाय बंदूक बाळगायची मनाई केली. म्हणूनच २०२२ च्या त्या खटल्यात न्यूयॉर्कमधल्या गरीब आरोपींचे खटले लढवणारे कृष्णवर्णीय वकील बंदुकीच्या हक्काच्या बाजूने उभे राहिले होते. परवान्याचा कायदा वापरला जातो तो आमच्या पोरांना तुरुंगात टाकायला, असे त्यांचे म्हणणे.

आपला अनुभव वेगळा नाही. बाबासाहेबांनी जातिसंहाराच्या भाषणात दाखवले आहे की चातुर्वर्ण्याने खालच्या वर्णांना शस्त्र नाकारले आणि शिक्षण नाकारले, म्हणून इथे बंड होऊ शकले नाही. आजही चॅप्टर आणि तडीपारी वस्तीतल्या पोरांवर पटकन लागते. दुसरीकडे आपल्याच बाजूने शस्त्र हिसकावण्याची तरतूदही कायद्यात आहे. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांतला तिसरा नियम वाचा. अत्याचारप्रवण क्षेत्रात गरज असेल तर अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे शस्त्र परवाने रद्द करून शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करावीत, आणि गरज असेल तर अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना परवाने द्यावेत, असे त्यात म्हटले आहे. गावात गोळी सुटण्याआधी बंदूक बाहेर काढली पाहिजे हे आपल्या कायद्याला १९९५ मध्ये समजले होते.

या नियमाच्या आधारे दलितांना परवाने द्या ही मागणी चळवळीत अनेकदा झाली आहे. मी तिच्या विरोधात नाही. माझा प्रश्न पुढचा आहे. गावच्या गुंडापासून वाचायला घेतलेली बंदूक रात्री ज्या घरात ठेवली जाते, त्या घरात एक बाईही राहते.

मी ज्या कामात आहे त्यातली एक गोष्ट सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. नवरा आपल्यातलाच, छोटी कंत्राटे घेणारा, चळवळीत नाव असलेला. गावात मारामारी झाल्यावर जिवाला धोका म्हणून त्याने परवाना मिळवला, आणि तो धोका खरा होता. पुढे बायकोला मारहाण सुरू झाली. भांडण झाले की तो बंदूक काढून खाटेवर ठेवायचा, बोलायचा काहीच नाही. तिने अर्ज केला, संरक्षण आदेश मिळाला: मारहाण करू नये, धमकावू नये. बंदुकीचा उल्लेख आदेशात नव्हता, कारण तो अर्जातच नव्हता, आणि तो अर्जात नव्हता कारण अर्ज भरताना आम्ही तिला विचारलेच नव्हते. ही चूक आमची. नंतर ती पोलीस ठाण्यात गेली तेव्हा उत्तर मिळाले, "परवाना आहे त्याच्याकडे, आम्ही कशी काढून घेणार?"

काही महिन्यांनी निवडणूक लागली. आचारसंहिता आली की जिल्ह्यात शस्त्र परवान्यांची छाननी होते. जामिनावर असलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत नाव आलेले अशांना शस्त्र जमा करायला सांगतात. याच्यावर एका आंदोलनातला गुन्हा होता आणि तो जामिनावर होता. नोटीस आली, त्याच ठाण्यात त्याने बंदूक जमा केली, पावती मिळाली. ती बाई मला म्हणाली, "ताई, दोन महिने झोप लागली बघा." निकाल लागला, बंदूक परत आली.

सरकारला आंदोलन करणारा माणूस मतपेटीसाठी धोका वाटला आणि त्या धोक्यासाठी यंत्रणा तयार होती: यादी, नोटीस, मुदत, पावती, खोली, कुलूप. त्याच माणसापासून बायकोला असलेला धोका न्यायालयाच्या कागदावर होता, पण त्या कागदावरून यंत्रणा हलली नाही.

तरी कायद्यात जागा आहे. घरगुती हिंसाचार कायदा २००५ चा, अंमल ऑक्टोबर २००६ पासून. त्याच्या नियमांतल्या दहाव्या नियमात संरक्षण अधिकाऱ्याची कामे दिली आहेत. त्यात एक ओळ अशी आहे की न्यायदंडाधिकाऱ्यांनी लेखी सांगितल्यास त्याने हिंसेत वापरलेले कोणतेही हत्यार जप्त करायला, गरज पडल्यास, पोलिसांची मदत घ्यावी. कायद्याच्या कलम १८ मध्ये आदेशात नमूद केलेली "इतर कोणतीही कृती" करण्यास मनाई करता येते. कलम १९ च्या दुसऱ्या पोटकलमात बाईच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक वाटेल ती जादा अट घालता येते.

त्याच कलम १९ चे तिसरे आणि चौथे पोटकलम मला सर्वात उपयोगाचे वाटते. न्यायदंडाधिकारी नवऱ्याकडून हिंसा न करण्याचे बंधपत्र लिहून घेऊ शकतात आणि तो आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या आठव्या प्रकरणाखालचा आदेश मानला जातो. म्हणजे तोच चॅप्टर. आता १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम ९ बघा: आठव्या प्रकरणाखाली शांततेचे किंवा चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र द्यावे लागलेल्या माणसाला त्या बंधपत्राच्या मुदतीत अग्निशस्त्र बाळगता येत नाही. आणि कलम २१: बाळगणे बेकायदा झाले की शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे. तिन्ही कलमे जोडून वाचली तर रहीमी खटल्यात अमेरिकेच्या सरन्यायाधीशांनी जुन्या जामिनाच्या कायद्यात जे शोधले, ते आपल्याकडे छापील आहे. हे माझे वाचन आहे. आपल्या वकील मित्रांनी ते तपासावे, आणि पटले तर एखाद्या प्रकरणात लावून बघावे. मोर्चाआधी आपल्याच पोरांवर वापरला जाणारा चॅप्टर घरातल्या बाईच्या उपयोगी पडला तर मला आनंदच आहे.

पोलिसांच्या अधिकाराची भीती इथेही खरी आहे, म्हणून अटी हव्यात. न्यायालयाने दोन्ही बाजू ऐकून ठरवावे, तातडीच्या आदेशात आधी जमा आणि लगेच सुनावणी, मुदत ठरलेली, जमा केल्याची पावती, मुदत संपल्यावर परत. अमेरिकेच्या निकालातही भर "तात्पुरते" या शब्दावर आहे. निवडणुकीत आपण हे सगळे मुकाट्याने पाळतोच.

महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत बंदूक नसते हे मला माहीत आहे. कोयता असतो, कुऱ्हाड असते, रॉकेलचा कॅन असायचा. नियम दहामध्ये "कोणतेही हत्यार" असा शब्द आहे, त्यात कोयताही येतो. पण ऊसतोड करणाऱ्या जोडप्याचा कोयता जप्त केला तर हंगाम बुडतो, उचल अंगावर राहते आणि ती फेडताना बाईचेही हाल होतात. तिथे हत्यार बाहेर काढण्यापेक्षा तिला बाहेर काढण्याची, निवाऱ्याची सोय आधी लागते. बंदुकीचे तसे नाही. ती पोट भरायची वस्तू नाही, निदान बहुतेकांसाठी, आणि तिच्यामागे परवाना, नोंद, क्रमांक असतो. सरकारला ती कुठल्या घरात आहे हे आधीच ठाऊक असते. (पोलीस आणि राखीव दलातल्या नवऱ्यांचे सरकारी शस्त्र हा वेगळा विषय, तिथे परवान्याचा कायदा चालत नाही, वरिष्ठांकडे लेखी तक्रार करावी लागते.)

आपल्याकडे अशी प्रकरणे आधी विहारात येतात. जाणती माणसे बसतात, नवऱ्याला समजावतात, पंचशीलाची आठवण देतात, दोघांना घरी पाठवतात. हेतू वाईट नसतो. बुद्धांनी उपासकाला वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत शस्त्रांचा व्यापार आहे हेही कोणीतरी सांगते. अंगुलिमालाचे उदाहरण तर हमखास निघते, की एवढा मोठा दरोडेखोर सुधारला, हा तर आपलाच पोरगा. पण सुत्तातला क्रम बघा. अंगुलिमालाने आधी तलवार आणि सगळी हत्यारे दरीत फेकली, प्रव्रज्या त्यानंतर मागितली. आपल्या बैठकीत नवरा मान डोलावतो, चहा होतो आणि बंदूक माळ्यावर तशीच असते. घरगुती घटना अहवाल भरणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने आणि बैठकीला बसणाऱ्या प्रत्येक ज्येष्ठाने पहिल्या पाच मिनिटांत एकांतात तिला विचारावे: घरात हत्यार आहे का, कुठे ठेवतो, परवाना कोणाच्या नावाने आहे, त्याने कधी दाखवले आहे का? नवऱ्यासमोर विचारू नका, उत्तर "नाही" असेच येते.

त्या बाईचा नवा अर्ज आम्ही गेल्या महिन्यात दाखल केला. यावेळी त्यात लिहिले आहे: विरुद्ध पक्षाकडे परवान्याची बंदूक असून तो ती धमकावण्यासाठी वापरतो, त्याच्याकडून कलम १९ अन्वये बंधपत्र घ्यावे, शस्त्र २४ तासांत नजीकच्या पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेश व्हावा, पावतीची प्रत न्यायालयात आणि अर्जदाराला मिळावी, आदेशाची प्रत परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडे पाठवावी. सुनावणीची एक तारीख झाली, साहेब रजेवर होते. ती सध्या माहेरी आहे, मुलांच्या शाळेचे दाखले अजून त्याच्याच घरात आहेत.